सगळ्यांना सारखं

गोल भाकरीचे चार सारखे तुकडे कुणालाही करता येतात. तीन करून बघा. आमच्या आईला ते न बघता जमायचं. दादा, मी आणि धाकटा, अशी आम्ही तीन भावंडं. भाकरी असो, कलिंगड असो, नाहीतर पाहुण्यांनी आणलेले पेढे, वाटणी तीन भागांत आणि तिन्ही भाग तंतोतंत. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. ते म्हणायचे, "आमच्या काट्यात एकवेळ किलोभर इकडंतिकडं होईल, हिच्या हातात नाही."

दिवाळीचं कापडसुद्धा एकाच ताग्यातलं. मी चौथीत असताना आईनं निळ्यावर पांढरे ठिपके असलेलं पॉपलीन आणलं होतं. दादाला शर्ट, धाकट्याला शर्ट, मला फ्रॉक. लक्ष्मीपूजनाला आम्ही तिघं ओळीनं बसलो तेव्हा मामा म्हणाला, "बँडवाले आलेत का गं?" मला पिवळा फ्रॉक हवा होता. पण "सगळ्यांना सारखं" हे आईनं म्हटलं की त्याच्यापुढं बोलायला जागाच उरायची नाही. मारलेलं परवडायचं, त्यात निदान भांडता तरी यायचं. तो फ्रॉक वर्षभरात विटला. त्याच कापडाचे शर्ट मात्र तीन दिवाळ्या टिकले.

आता आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, घरात तीन पोरांऐवजी चार कुत्री आहेत, आणि ते वाक्य गेली दोनेक वर्षं मी तिच्या तोंडून ऐकलेलं नाही. विचारलं तर म्हणेल, मी कधी म्हणत होते?

चारातली दोन महापुरानं दिली. आमचं घर सांगलीत हरिपूर रस्त्याला. पावसाळ्यात आमच्याकडं लोक एकमेकांना "जेवलात का" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचा खालचा मजला बुडाला. आई, अण्णा आणि मी वरच्या दोन खोल्यांत. सोबत एक ट्रंक, पिठाचा डबा, अण्णांची कागदपत्रांची पिशवी आणि देवघरातली दत्ताची तसबीर. लोक बोटीतून बाहेर पडत होते, अण्णा हलायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेरच्या जिन्यानं एक गावठी कुत्री वर आली. पिवळट, भिजलेली, पोट जमिनीला टेकलेलं. अण्णांनी काठी उचलली. आई म्हणाली, "दिवस भरलेत तिचे. आता कुठं जाईल ती? पोहत जाईल?" संध्याकाळी पाण्याच्या टाकीखालच्या कोपऱ्यात तिनं चार पिल्लं घातली. आईनं त्या दिवशी भात चार ठिकाणी वाढला. तिच्या आयुष्यातला बहुधा तो पहिला सोपा हिशोब.

पाणी ओसरलं. कुत्री दोन महिने जेवायला येत राहिली आणि मग यायची थांबली. दोन पिल्लं ओळखीत गेली, दोन राहिली. एक बाळ्या, एक ठकी.

मला या दोघांचं अजून कोडं आहे. एका आईची, एका वेळची, एकाच टाकीखाली जन्मलेली. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे उघडायला दहा-बारा दिवस लागतात, कान त्याहून थोडे उशिरा. म्हणजे पूर दोघांनीही पाहिला नाही आणि ऐकला नाही. वास मात्र जन्मापासून येतो, आणि पुराचा वास विसरण्यासारखा नसतो: गाळ, रॉकेल, कुठल्या तरी गोदामातली भिजलेली हळद, मेलेली जनावरं. तोच वास दोघांच्या नाकात गेला असणार. तरी बाळ्या बादलीतल्या पाण्यालाही वळसा घालून जातो, आणि ठकी हरिपूरच्या घाटावर नेली की पट्टा सोडायची वाट न बघता पट्ट्यासकट नदीत.

जुलैत नदी गढूळ झाली की बाळ्या जिना चढून टाकीखाली जाऊन बसतो आणि खाली यायला नकार देतो. आई म्हणते, त्याला आधी कळतं. २०२१ साली पुन्हा पाणी आलं तेव्हा तो चार दिवस आधीच वर गेला होता, हा तिचा पुरावा. मला वाटतं, तो दरवर्षीच जातो, एखाद्या वर्षी नदी त्याचं ऐकते. पण हे मी आईसमोर बोलत नाही, कारण जुलैत बाळ्या वर गेला की मीसुद्धा गुपचूप गव्हाचं पोतं वरच्या खोलीत नेऊन ठेवते.

ठकीला भीती नावाची गोष्ट फक्त झाडूची. ऊसाचा हंगाम सुरू झाला की डेक लावलेले ट्रॅक्टर जातात, त्यांच्यावर ती भुंकते. बिनगाण्याच्या ट्रॅक्टरवर नाही. त्यातही जुनं गाणं असेल तर शेपूट हलवून सोडून देते असं अण्णांचं म्हणणं आहे, पण अण्णा ठकीच्या बाबतीत साक्षीदार म्हणून चालणार नाहीत. ज्या माणसानं तिच्या आईवर काठी उचलली, तो आता दुपारी खुर्चीत झोपतो तेव्हा एक हात खाली सोडून झोपतो. ठकीच्या डोक्याच्या उंचीवर.

राणी तिसरी. ती जतकडची. अण्णांच्या ओळखीच्या एका मेंढपाळाची कारवान जातीची कुत्री, मागच्या पायाला मार बसला आणि पळण्यातून गेली. त्या कोरड्या मुलखात धावता न येणाऱ्या कारवानीचं काय करायचं? कंबर मुठीत मावेल अशी, तोंड निमुळतं, पाय काटक्यांसारखे. ही जात नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करते. म्हणून ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहून नदीपलीकडं बघत असते. तिथं काहीही नसतं. एखादा बगळा, एखादी मोटारसायकल. आमच्याकडं ती बघतच नाही, आम्ही फार जवळ असतो ना. तिला हात लावलेला चालतो, पण ती तो सोसते. एखाद्या मोठ्या घरची सून गरिबाच्या घरी चहा घेते, तसा.

आणि ब्रूनो. हा दादाच्या मुलानं लॉकडाऊनमध्ये पुण्यात घेतलेला लॅब्राडोर. लॉकडाऊन संपला, फ्लॅट तेवढाच राहिला, कुत्रा मोठा झाला. "आठवडाभर ठेवून घे आत्या" म्हणून आणला, त्याला आता चार वर्षं झाली. ब्रूनोविषयी लिहायला फार नाही. तो खातो. भडंगाच्या पुड्याची गाठ सोडल्याचा आवाज त्याला परसातून ऐकू येतो. भाच्यानं मध्ये फोनवर सांगितलं की केंब्रिजच्या लोकांना २०१६ साली लॅब्राडोरमध्ये एक जनुकीय बिघाड सापडलाय, सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांत असतो, आणि तो असलेल्या कुत्र्यांना भूक जास्त लागते. "त्याची काही चूक नाही गं," म्हणाला. मी म्हटलं, चूक कुणाची ते आम्हाला माहिती आहे, तू सुट्टीत येऊन त्याला फिरव.

तर अशी चार. आणि आई चौघांना सारखं वाढायची. चार ताटल्या, स्वयंपाकघराच्या दारात, ओळीनं, एकाच वेळी. प्रत्येकात भाकरीचा चतकोर, वर ताक किंवा फिकी आमटी. व्हायचं काय? ब्रूनो आपला चतकोर श्वास न घेता संपवायचा आणि बाळ्याच्या ताटलीकडं वळायचा. बाळ्या मुकाट्यानं मागं सरकायचा, किंवा तुकडा तोंडात धरून कुंडीत पुरायला न्यायचा. ठकी आपलं अर्धं सोडून आधी राणीचं खायची, कारण स्वतःचं कुठं जाणार आहे? आणि राणी समोर चारजण उभे असताना जेवायचीच नाही. ती नुसती भिंतीकडं तोंड करून उभी. आई म्हणायची, "मी सारखंच वाढते. आता ज्यानं त्यानं खावं." अगदी तोच सूर. मला ऐकताना ठिपके दिसायचे.

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. चार वेद म्हणतात. पुराच्या पाण्यातून वर नेलेली आमची तसबीर जुनी आहे, फ्रेम करताना कागद कापला गेला असावा, त्यामुळं डावीकडचं एक कुत्रं अर्धंच दिसतं. औदुंबर आणि नरसोबाची वाडी दोन्ही जवळ, त्यामुळं आमच्या भागात दत्त घरोघरी, आणि घरात चार कुत्री झाल्यावर आईला तो संकेतच वाटला. दत्तजयंतीला ती पंचवीस-तीस जणांचा शिरा करते. दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्या सासरहून, तासगावहून, पाच किलो बेदाणा आला होता. सांगलीकडं बेदाण्याचं कौतुक कुणी करत नाही, आमच्याकडं तो शेंगदाण्यासारखा खातात. आईनं शिऱ्यात सढळ हातानं घातला. जन्मकाळ झाला, आरती झाली, आणि माणसांच्या आधी चार द्रोण भरून तिनं चार कुत्र्यांपुढं ठेवले. डाव भरून, वर सपाट करून. चारी द्रोण सारखे.

राणीनं वास घेतला आणि निघून गेली. बाळ्यानं द्रोण उचलून तुळशीमागं नेला. ब्रूनोनं आपला संपवला, राणीचा संपवला, आणि तुळशीमागची माती उकरून बाळ्याचाही संपवला. ठकीनं फक्त आपलाच खाल्ला. त्यातल्या त्यात सभ्यपणे.

रात्री दोन वाजता ठकी ओकायला लागली. सकाळपर्यंत पाच वेळा. पाणी पिईना, उठेना. अण्णांनी तिला स्वतः उचललं, एरवी ते गॅसची टाकीही सरकवत नाहीत. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, मी शिरा म्हटलं, आणि मग आठवलं म्हणून "बेदाणे" म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, हे सांगली जिल्ह्यात राहून मला पन्नाशीपर्यंत माहिती नव्हतं. आमच्या गल्लीत तरी कुणाला होतं? कितीतरी वर्षं यामागचं कारण सापडत नव्हतं. २०२१ च्या सुमारास अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडं बोट दाखवलं. तेच आम्ल चिंचेत असतं, म्हणजे चिंचगुळाची आमटीही त्यांच्या कामाची नाही. द्राक्षाच्या जातीनुसार, पिकण्यानुसार त्याचं प्रमाण बदलतं. आणि कुत्रागणिक परिणामही बदलतो. "कुणाला मूठभर पचतात, कुणाला चार दाणे भोवतात," डॉक्टर म्हणाले. "आधी सांगता येत नाही. म्हणून कुणालाच द्यायचे नाहीत. लगेच आणली असती तर उलटी करवली असती, आता सलाईन." रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकल्याची खूण, थोडं वाढलं होतं. दोन दिवस सलाईन, तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त. ब्रूनोलाही तपासायला बोलावलं. ज्यानं तीन द्रोण खाल्ले होते त्या ब्रूनोचा रिपोर्ट अगदी स्वच्छ. तपासून घेताना त्यानं डॉक्टरांच्या खिशातला पेनही चाटला.

ते दोन दिवस घरी विचित्र होते. मला वाटलं होतं, बाळ्या झुरेल. एकाच कुशीतून आलेला, सहा महिन्यांचा होईतोवर तिच्या अंगावर डोकं ठेवून झोपणारा. छे! पहिल्याच रात्री तो ठकीच्या पोत्यावर ऐसपैस पसरला आणि घोरला. जन्मल्यापासून पहिल्यांदा ते पोतं त्याच्या एकट्याचं होतं. मला राग आला, आणि मग स्वतःचंच आठवलं. दादा पुण्याला शिकायला गेला त्या दिवशी आई दारात रडत होती, आणि मी त्याच्या टेबलाचे कप्पे रिकामे करत होते.

फाटकाशी बसून राहिली ती राणी. जिनं ठकीकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. दोन दिवस गच्चीवर गेली नाही, नदीपलीकडचं बघितलं नाही, रस्त्याच्या वळणाकडं बघत बसली. ठकी परत आल्यावर उठली, लंगडत जिना चढली आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. ठकीला हुंगलंसुद्धा नाही.

आई त्या दिवसांत बोलत नव्हती. "माझ्याच हातानं," एवढं एकदा म्हणाली. अण्णा समजूत घालणाऱ्यांपैकी नाहीत. ते खुर्चीत बसून म्हणाले, "एकाच वजनाच्या दोन ट्रॉल्या आल्या तरी साखर सारखी पडत नाही. उतारा वेगळा असतो. चाळीस वर्षं मी नुसतं वजन लिहिलं. उतारा लॅबवाले काढायचे." मग पेपर उघडला.

आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ओळ मोडली.

आता तिचं वाढणं बघण्यासारखं असतं. सकाळी आठला पहिली ठकी, कारण तिचं पोट भरल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं जेवण सुरक्षित नाही. मग ब्रूनोची परात, आणि त्या परातीत मधोमध पाट्यावरचा जुना वरवंटा. मिक्सर आल्यापासून तो पडूनच होता. वरवंट्याच्या कडेकडेनं जीभ फिरवत ब्रूनोला खावं लागतं, त्यामुळं अर्ध्या मिनिटाचं जेवण पाच मिनिटं चालतं. बाळ्याला ती मोरीशेजारच्या पायरीवर बसवते आणि हातानं एकेक घास देते, पुरायला संधीच नाही. सहा वर्षांचा घोडा, आणि घास! राणीचं ताट जिन्याच्या वळणावर ठेवून आई पाठ फिरवते आणि मोठ्यानं भांडी वाजवत राहते. भांडी वाजली की राणी जेवते. आई थांबली की राणी थांबते. त्यामुळं आमच्याकडं सकाळी घासलेली भांडी पुन्हा घासली जातात.

"काय गं, ब्रूनोला भाकरी कमी दिसते," मी एकदा खोडी काढली.

"त्याला कमीच पुरते."

"आणि राणीला तूप?"

"तिची हाडं बघ की. तुझं काय चाललंय, आं?"

भाच्यानं मागं आणखी एक गोष्ट पाठवली होती. 'सायन्स' नावाच्या नियतकालिकात २०२२ साली एक अभ्यास आला, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासून. एखादं कुत्रं दुसऱ्यापेक्षा वेगळं का वागतं, यात जातीचा वाटा जेमतेम नऊ टक्के निघाला. मी जेवताना वाचून दाखवलं. अण्णांनी विचारलं, "आणि उरलेले एक्क्याण्णव?" लेखात त्याचं उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं आणि तेवढ्यात ब्रूनोनं परातीतून वरवंटा बाहेर ढकलला.

यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री बाळ्या कुडकुडत होता. थंडीनं की भीतीनं, कळायला मार्ग नाही. आईनं ट्रंक उघडली. महापुरात वर नेलेली तीच. तळातून घडी केलेला एक कापडाचा तुकडा काढला, दोन-अडीच मीटर असेल, मध्ये घडीवर पिवळा डाग. निळ्यावर पांढरे ठिपके.

"हे अजून आहे?" मी म्हटलं.

"उरलं होतं. अभ्रे करणार होते, राहिलंच." तिनं ते दोनदा दुमडून टाकीखाली बाळ्याच्या जागी अंथरलं.

"आणि बाकीच्या तिघांना?"

"बाकीच्यांना कुठं थंडी वाजते?" कापडाची सुरकुती तळव्यानं सारखी करत ती म्हणाली, "तुला नव्हतं आवडलं ना हे?"

मी काही बोलले नाही. पावसाचा आवाजही बराच होता.

"फ्रॉक मोरीत भिजवून तसाच ठेवायचीस की रात्ररात्र. विटावा म्हणून. मी सकाळी उठून पिळून वाळत घालायचे."

"मग पिवळा का नाही घेतलास?"

"पिवळा?" आई वळून माझ्याकडं बघायला लागली. "पिवळा हवा होता होय तुला? ते कुठं बोललीस कधी?"

बाळ्या कापडावर तीन वेळा गोल फिरला, चौथ्यांदा फिरला, आणि बसणार तेवढ्यात अंधारातून ठकी आली.